पद्मलची शिंगं

टेम्पोत चढताना माझं डोकं वरच्या लोखंडी पाइपला लागलं आणि मी एक पाय फळीवर, एक पाय जमिनीवर अशी उभी राहून एकोणतिसाचा पाढा सुरू केला.

"एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न..."

"अगं ए मालन, चढतीयास का पाढं म्हणतीयास?" संगीनं मागून ढोसलं. "सगळ्या पोरी खाली उभ्या हायत."

"डोक्याला लागलं गं."

"कुठं लागलं? पाइप तरी हालला का?"

मी पाढा पुढं चालू ठेवला. 'एकोणतीस दाहे दोनशे नव्वद' पर्यंत बिनचूक पोचले आणि मगच आत जाऊन बसले. पाढा आला, म्हणजे डोकं शाबूत होतं. संगी माझ्या शेजारी बसली आणि तिनं सगळ्यांना ऐकू जाईल असा उसासा सोडला.

या पाढ्याची कथा अशी. आदल्या वर्षी एका सामन्यात मी खांबावर सूर मारला होता. आमच्या येरळाकाठच्या मुलींच्या खो-खो संघात तो माझाच प्रांत होता. पळणारी मुलगी खांबाला वळसा घालून पलीकडं निसटायला बघते. पाठलाग करणारीला मागं वळता येत नाही. मग तिनं खांबाला एका हाताचा विळखा घालून अंग हवेत फेकायचं आणि दुसऱ्या हातानं पलीकडचीला शिवायचं. ते मला जमायचं. दुसरं काही म्हणजे काही जमायचं नाही. माझ्या भाकऱ्यांना कड नसायची आणि माझ्या शिवणाला सरळ रेघ नसायची, पण खांबावरचा माझा सूर बघायला लोक शेतातली कामं टाकून यायचे. त्या दिवशी मी सूर मारला, मुलगी बाद झाली आणि माझं डोकं खांबावर आदळून मीही बाद झाले.

पुढचं मला लोकांनी सांगितलं. मी संध्याकाळभर एकच प्रश्न विचारत होते म्हणे, "आपण जिंकलो का?" कुणी हो म्हटलं की खूश व्हायचे आणि घोटभर पाणी पिऊन परत विचारायचे, "आपण जिंकलो का?" एक गंमत सांगते, आयुष्यात इतक्यांदा जिंकण्याचा आनंद दुसऱ्या कुणाला मिळाला नसेल. आई मात्र पदरात तोंड घालून रडत होती.

डॉक्टर मगदूमांनी मला नाव विचारलं, वार विचारला, पाढा विचारला. वार चुकला आणि पाढा अडला. "मेंदूला हादरा बसलाय," ते म्हणाले. मग विश्रांती. वाचायचं नाही, टीव्ही बघायचा नाही, पळायचं नाही. पुढं त्यांनीच तपासून सांगितलं, "झाली बरी. आता हळूहळू खेळायला लाग." पण त्याआधी, अगदी सुरुवातीला, ते आईला एक वाक्य बोलून गेले होते, "इतक्यात दुसरा मार बसता कामा नये." त्यांचं 'इतक्यात' तेवढ्या काही आठवड्यांपुरतं होतं. मी ते जन्माचं धरून बसले.

मग काय! गोठ्याची चौकट लागली, पाढा. एसटीच्या खिडकीवर डोकं टेकलं आणि गाडी खड्ड्यात गेली, पाढा. एकोणतिसाचाच का, तर तो अवघड म्हणून. खरं सांगायचं तर मार लागण्याआधी मला तो येतच नव्हता. येतोय का बघण्यासाठी मी तो मुद्दाम पाठ केला. आरशासमोर बॅटरी धरून डोळ्यांतली बुबुळंही बघायचे. आणि एवढ्यानं भागलं नाही की दवाखाना. एकदा डॉक्टरांनी मला दारात बघितलं आणि चष्मा काढून ठेवला.

"आज काय लागलं?"

"उशी."

"उशी?"

"धाकटीनं फेकून मारली."

"काय होतं उशीत?"

"कापूस."

"कापसाला काही झालं नाही ना?" मग ते गंभीर झाले. "हे बघ मालन, उलटी झाली, चक्कर आली, डोकं ठणकायला लागलं, विसरायला व्हायला लागलं, तर तशीच ऊठ आणि ये. मी कधी नाही म्हणणार नाही. पण डोकं कशाला तरी लागलं म्हणजे मेंदूला लागलं, असं नसतं. डोकं आहे, ते लागणारच."

मला पटायचं. दवाखान्याच्या पायरीपर्यंत पटायचं, आणि पायरी उतरताना वरची कमान बघून मी वाकायचे.

तर टेम्पो निघाला होता तो एका गावच्या यात्रेतल्या सामन्यांना, आणि मी मनाशी ठरवून निघाले होते की हा माझा शेवटचा सामना. संपला की सूर्यवंशी सरांना सांगायचं, आता मी खेळणार नाही. आईला सांगितलं होतं. ती "बरं झालं बाई" म्हणाली आणि माझी दशम्यांची पुरचुंडी नेहमीपेक्षा मोठी बांधली. सरांना सकाळीच म्हणून ठेवलं होतं, "सर, सामना झाल्यावर तुमच्याशी बोलायचंय." खेळायचं म्हटलं की भीती वाटायची आणि सोडायचं म्हटलं की रडू यायचं. रडण्यापेक्षा भीती मोठी ठरली, एवढंच.

मैदान म्हणजे देवळामागचं रान होतं, नांगरून, पाणी मारून, चोपून केलेलं. कडेच्या झाडांवर पोरं चढून बसली होती. एका बैलगाडीत उभा राहून एक गृहस्थ माइकवर बोलत होते. त्यांना खो-खो किती कळत होता कोण जाणे, पण बोलायची हौस दांडगी होती.

समोर कृष्णाकाठचा संघ होता, आणि त्यांच्यात पद्मल चौगुले. उंच, काटक, लाल रिबिनीनं वर बांधलेल्या दोन वेण्या. आणि तोंड! पळताना माणसाला धाप लागते, हिला बोलणं सुचायचं. "ये की, ये. अगं इकडं. दमलीस व्हय?" असं पाठलाग करणारीशी बोलत बोलत ती खांबाला वळसा घालायची आणि पलीकडून हसायची.

मला खो मिळाला की मी धावायचे झकास. पण खांब दोन हातांवर आला की पायच आखडायचे. सूर मारायच्या जागी मी थांबून हात लांब करायचे, आणि तोवर पद्मल पलीकडं. एकदा झालं, दोनदा झालं. सर रेघेवरून ओरडत होते, "मालन, मार! मार सूर!" तिसऱ्यांदा तर पद्मलसुद्धा खांबापलीकडं थांबून माझ्याकडं नवलानं बघायला लागली.

पुढच्या वेळी ती धरून चालली की मी आता तरी सूर मारणार. म्हणून ती पलीकडं गेल्यासारखं दाखवून आल्या बाजूनंच परत फिरली. मी नेहमीप्रमाणं थांबलेली. खांबाच्या कडेला आमची डोकी एकमेकांवर आपटली. टक्!

मी दोन्ही हातांनी डोकं धरलं आणि डोळे मिटले. एकोणतीस एके एकोणतीस.

"हात लाव!" सर ओरडले. "मालन, हात लाव तिला!"

सगळं रान ओरडायला लागलं, हात लाव, हात लाव. पद्मल माझ्यासमोर वीतभर अंतरावर कपाळ चोळत उभी होती. नुसतं बोट लावायचं होतं. पण माझे दोन्ही हात माझ्या डोक्याच्या तैनातीला होते. एकोणतीस चोक एकशे सोळा. पद्मल निवांत पाठ फिरवून निघून गेली, आणि माइकवाले गृहस्थ म्हणाले, "लक्षात घ्या मंडळी, डोक्यानं शिवलेला गडी बाद होत नाही!"

झाडावरची पोरं हसून हसून खाली पडायची राहिली.

पंचांनी शिट्टी वाजवून खेळ थांबवला. सर पाणी घेऊन धावले. "चक्कर येतीय? मळमळतंय? माझी बोटं किती?" त्यांनी सगळं विचारलं, मी सगळं नीट सांगितलं. काही म्हणजे काही झालं नव्हतं. तरी मी हट्टानं बाहेर जाऊन बसले. सरांनी माझ्या जागी दुसरी मुलगी पाठवली आणि पहिला डाव माझ्याविना संपला.

मध्यंतरात मी रिंगणाबाहेर चिंचेखाली पाढा तिसऱ्यांदा म्हणत होते, तर समोर दोन धुळीनं माखलेले पाय येऊन थांबले. वर बघितलं. पद्मल. तोंडात लिंबाची फोड.

"ए, जरा डोकं दे."

"काय?"

"डोकं गं. एकदा आपटलं न्हवं? परत एकदा आपटाय लागतंय. न्हाईतर शिंगं येत्यात."

मला वाटलं थट्टा करतेय. पण तिचा चेहरा अगदी गंभीर होता. लहानपणी हे सगळ्यांनीच केलेलं असतं. डोक्याला डोकं लागलं की लगेच दुसऱ्यांदा आपटायचं, नाहीतर दोघांनाही शिंगं फुटतात. पण आम्ही काही लहान नव्हतो.

"जा गं, काहीतरीच. माझ्या डोक्याला मार लागलेला आहे गेल्या वर्षी. मी नाही आपटणार."

ती माझ्यासमोर उकिडवी बसली. "तुला आली तर येऊ देत. माझं काय? माझं लगीन ठरलंय."

"मग?"

"मग काय मग? शिंगं घिऊन बोहल्यावर उभी राहू? मुंडावळ्या कशाला बांधायच्या, शिंगांस्नी?" तिचा आवाज कापरा झाला. "सासू आधीच म्हणतीया, पोरगी लई उंच हाय. त्यात आणि शिंगं आली तर मांडवाच्या दारातनं आत तरी जाईन का मी?"

संगी फिस्सकन हसली. मी नाही हसले. मला त्या मुलीची दया आली. कशालाही घाबरणाऱ्या माणसाची भीती किती खरी असते, हे त्या रानात माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तिला शिंगांची, मला हादऱ्याची. तिची भीती घालवणं माझ्या हातात, म्हणजे डोक्यात होतं.

"हळू," मी म्हटलं.

"हळूच की. माझं डोकं म्हंजे काय खांब हाय?"

मी डोळे घट्ट मिटले. वर्षभरात कुठल्याही वस्तूच्या दिशेनं मी माझं डोकं आपणहून नेलं नव्हतं. मान पुढं जाईना. शेवटी तिनंच माझ्या मानेमागं हात ठेवला, आई लेकराच्या ठेवते तसा, आणि कपाळाला कपाळ लावलं. टक्. घामानं ओलं, लिंबाचा वास येणारं, साधं माणसाचं डोकं.

"झालं," ती म्हणाली. "सुटलो दोघी बी."

मी डोळे उघडले. चिंच होती, संगी होती, माइकवाले गृहस्थ बोलत होते. मला एकदम हसू फुटलं. कशाचं ते सांगता येणार नाही. वर्षभराचं साठलेलं असावं. पद्मलही हसली, उरलेली लिंबाची फोड तिनं माझ्या हातात ठेवली आणि पळत सुटली.

"सर," मी उठून म्हटलं, "मला घ्या."

सरांनी माझ्याकडं नीट बघितलं, परत एकदा बोटं मोजायला लावली, आणि घेतलं.

दुसऱ्या डावात वेळ संपत आली तेव्हा मला खो मिळाला. समोर पद्मल. तिची बडबड सुरूच. "ये, ये की मालन, ये." खांब जवळ आला. मी पाय आखडण्याची वाट बघत होते, पण त्याआधीच डाव्या हाताला लाकूड लागलं. मग अंग हवेत होतं, खांबाभोवती फिरत होतं, कान खांबाला घासून गेला आणि माझ्या उजव्या हाताची बोटं पद्मलच्या लाल रिबिनीवर पडली. पंचांची शिट्टी झाली. मी मातीत पालथी पडले होते आणि माझ्यावर संगी पडली होती, संगीवर बाकीच्या. अंगभर धूळ, तोंडात माती. किती किती गोड लागली म्हणून सांगू!

सामना आम्ही हरलोच. पहिल्या डावातलं भरून निघण्याइतकं ते नव्हतं. तरी टेम्पोकडं जाताना मी उड्या मारत चालले होते. वाटेत त्यांचा संघ पेरू खात बसला होता, त्यांच्या आवटी बाई सगळ्यांना मीठ-तिखट वाटत होत्या. मला वाटलं, पद्मलला शुभेच्छा द्याव्यात.

"बाई, पद्मलचं लग्न कुठल्या महिन्यात हो?"

बाईंच्या हातातलं तिखट सांडलं. "कुणाचं? हिचं? अगं, हिला बघायला यायचं धाडस करणारा पोरगा अजून जन्माला यायचाय!"

मी पद्मलकडं बघितलं. ती पेरूच्या बिया थुंकत होती.

"खोटं बोललीस?"

"मग काय करू? डोकं दे म्हटल्यावर देणार होतीस व्हय तू?"

"पण कशाला?"

ती उठली आणि मला जरा बाजूला घेऊन गेली. पहिल्यांदाच तिचा आवाज खाली आला होता.

"गेल्या वर्षीच्या तुझ्या मॅचला मी बघाय आलते. तुला लागलं ती. त्याच्या आधी तू तीन सूर मारलंस. तसलं मी कुठं बघितलं न्हवतं. घरी जाऊन लिंबाच्या झाडावर करून बघितलं, कोपर सोलून घेतलं. आज म्हटलं, मालन जाधव हाय समोर, आता मजा येणार. आणि तू खांब आला की नव्या नवरीगत थबकाय लागलीस. वठ हलत हुतं तुझं, म्हटलं देवाचं नाव घेती का काय. डोकं आपटल्यावर ऐकलं तर पाढं!" ती हसली. "असलीला हुलकावणी देऊन काय मिरवायचं? मला तू पायजे हुतीस, तुझी सावली न्हवं."

मी तिच्या हातातला अर्धा पेरू घेतला आणि खाल्ला.

"आणि शिंगं?" मी विचारलं.

"खुळी का काय! माणसाला कुठं शिंगं येत्यात?"

टेम्पोत चढताना सर म्हणाले, "काय गं, सामना झाल्यावर काहीतरी बोलायचं होतं तुला."

"हो सर. उद्यापासून खांबाचा सराव जरा जास्त घेऊ या."

संगीनं पुन्हा उसासा सोडला, पण हा वेगळा होता.

घरी आई दारातच उभी होती. "सांगितलंस का सरांना?"

"राहिलं."

"डोक्याला लागलं का कुठं?"

मी आठवून बघितलं. "सकाळी पाइप. मग पद्मल, दोनदा. आणि कान खांबाला घासला."

आईनं छातीवर हात ठेवला. "आणि पाढा म्हटलास का?"

"खांबाचा? नाही. विसरले."

"विसरलीस?" आई किंचाळली. "अगं माझ्या बाई, डॉक्टरांनी विसरण्याचंच सांगितलं हुतं की गं!" आणि तिनं मला तिथंच पायरीवर बसवून सबंध पाढा म्हणून घेतला. मी हसत हसत म्हटला. एकोणतीस नव्वे दोनशे एकसष्ट म्हणताना तीही हसायला लागली.

पुढं मी पुष्कळ वर्षं खेळले. डोकं लागायचं तेव्हा लागलं, एकदा खरंच गरगरलं तेव्हा मुकाट्यानं बाहेर बसून दवाखान्यातही गेले, पण उशीसाठी कधी गेले नाही. पद्मल दर मोसमात समोर यायची. कधी मी तिला धरायचे, कधी ती मला चकवायची. आणि मग एके दिवशी तिची पत्रिका आली. आवटी बाईंचं भाकीत खोटं ठरवणारा एक धाडसी पोरगा अखेर सापडला होता.

मी आहेर घेऊन कृष्णाकाठी गेले. अक्षता पडल्या होत्या, पंगती चालल्या होत्या. पद्मल हिरव्या शालूत, कोपरापर्यंत चुडा भरून खुर्चीवर बसली होती, आणि नवलाची गोष्ट म्हणजे गप्प बसली होती. मी ओटी भरायला वाकले, ती मला मिठी मारायला उठली, आणि मुंडावळ्यांसकट तिचं कपाळ माझ्या कपाळावर आपटलं. टक्!

मी हसले, तिचा गाल कुरवाळला आणि मागच्या बायकांना जागा द्यायला निघाले. तर तिनं माझं मनगट पकडलं. खांबावरच्या माझ्या पकडीपेक्षा घट्ट. पावडरीखाली तिचा चेहरा उतरला होता.

"परत आपट."

"अगं खुळी का काय! माणसाला कुठं शिंगं येत्यात? तूच म्हणाली होतीस."

तिनं एकदा शेजारी नवऱ्याकडं बघितलं, एकदा समोर सासूकडं, आणि माझ्या कानाशी येऊन दात-ओठ खात पुटपुटली, "तवाचं निराळं. आता खरंच लगीन हाय माझं!"

मी आपटलं. जरा जोरातच.